भर दुपारी निजलेल्या कुत्र्याला उठवू नका

एरवी या पानावर म्हैस गाभण राहत नाही, रेडकाला जंत झालेत, गाईच्या सडाला चिरा पडल्यात असलीच पत्रं जास्त. पण एप्रिल उजाडला, शाळांना सुट्टी पडली आणि पुण्या-मुंबईची नातवंडं बॅगा घेऊन उतरली की पत्रांचा नूरच बदलतो. भात केव्हाच घरात आलेलं असतंय, पेरणीला अजून वेळ असतो, माणसं कट्ट्यावर रिकामी, आणि मग सगळ्या घराचं लक्ष जातं ते अंगणात आडव्या झालेल्या कुत्र्याकडं. यावेळी कुत्र्यांचीच पत्रं इतकी आलीत की म्हशींना पुढच्या अंकापर्यंत थांबावं लागणार. निम्म्याअधिक पत्रांचं मूळ एकच, कुत्रं दुपारी निवांत झोपलंय हे कुणाला बघवत नाही, कुणाला ते आजारी वाटतं, कुणाला आळशी, आणि पोरांना नेमकं तेव्हाच त्याच्याशी खेळायचं असतं. नावं छापत नाही, गाव-तालुका तेवढा देतो.

प्रश्न : डॉक्टर, आमचा मोत्या पाच-सहा वर्षांचा आहे, गावठीच. थंडीत दिवसभर मालकांच्या मागं शेतात असायचा. आता ऊन वाढल्यापासून सकाळी नऊ वाजले की न्हाणीच्या मागं सांडपाणी जातं तिथं अळवाच्या बुडात खड्डा काढून पडतो तो चारशिवाय उठत नाही. भाकरी टाकली तर वास घेतो आणि परत मान टाकतो. नाक पण कोरडं लागतंय. सासूबाई म्हणतात उतारा ओलांडला असणार. सगळं अळू पण उकरून ठेवलंय. काय करावं? — एक गृहिणी, जांबोटी भाग, ता. खानापूर

उत्तर : वहिनी, सासूबाईंना सांगा, लिंबू-मिरची राहू दे, मोत्याला काही झालेलं नाही, त्याला ऊन लागायलंय आणि त्यावर त्याचा त्यानंच इलाज काढलाय.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. पायाच्या गादीला येतो थोडाफार, तेवढाच. बाकी सगळी उष्णता बाहेर टाकायची ती जीभ काढून धापा टाकत. निवांत पडलेलं कुत्रं मिनिटाला २०-३० श्वास घेतं, तेच उन्हातनं पळून आलं की २००-३०० वर जातं, आणि प्रत्येक धापेबरोबर तोंडातला ओलावा उडून जातो तेव्हा कुठं अंग गार होतं. आता हा ओलावा उडायला हवा कोरडी लागते. अथणीकडं पारा चाळिशी ओलांडतो पण हवा सुकी. तुमच्याकडं झाडी आहे, पारा तेवढा चढत नाही, पण वळीव पडायच्या आधी जी चार-आठ दिवस उमस होते ना, त्यात नुसत्या धापा टाकून कुत्र्याचं भागत नाही. मग ते वरची तापलेली माती उकरून टाकतं, खालची ओली गार माती उघडी करतं आणि पोट टेकून पडतं, कारण पोटाला आणि जांघेत केस कमी, कातडी पातळ, तिथनं अंगातली गरमी जमिनीत लवकर उतरते. अळवाचं बूड त्यानं उगीच निवडलेलं नाही. अळू काय, मिरगाच्या पावसात परत फुटेल.

आणि भाकरीचं म्हणाल तर अन्न पचवतानाही अंगात उष्णता तयार होते, म्हणून भर उन्हात शहाणं कुत्रं खात नाही. सकाळी उन्हं वर यायच्या आधी आणि दिवेलागणीनंतर, असं दोनदाच घाला. ताकातली भाकरी चालते, नाचणीचं आंबील चालतं, पण मीठ कमी आणि आंबिलात कांदा-लसूण नको, कुत्र्याच्या रक्ताला कांदा वाईट. नाक कोरडं म्हणजे ताप हे आपलं ऐकीव आहे, झोपेतनं उठलेल्या चांगल्या कुत्र्याचं नाकही कोरडं असतंय. ताप बघायचाच तर थर्मामीटर मागून लावून बघावा लागतो आणि १०१ ते १०२.५ डिग्री फॅरनहाइट हे त्याचं रोजचंच आहे, आपल्यासारखं ९८.६ नाही, त्यामुळं कुत्र्याचं अंग हाताला नेहमीच कोमट लागतं.

खरी तपासणी संध्याकाळी करायची. उन्हं उतरल्यावर मोत्या उठतो काय, आळस देतो काय, परड्यात एक चक्कर मारून येतो काय, हाक मारली की शेपूट हलते काय. हे सगळं होत असेल तर दुपारी त्याच्या वाट्याला कुणी जाऊ नका. गार पडल्यावरही उठला नाही, जेवण दोन वेळा सोडलं, हिरड्या पांढऱ्या दिसल्या तर मात्र दवाखाना.

पाणी किती, तर साधारण किलोमागं ५०-६० मिली रोज, म्हणजे १५ किलोच्या कुत्र्याला पाऊण ते एक लिटर, आणि हे साध्या दिवसात, उन्हाळ्यात त्याच्यापेक्षा बरंच जास्त. प्लास्टिकचा टब पालथा करतात आणि त्यातलं पाणी तापतं पण, त्यापेक्षा जुनी दगडी डोणी परड्यात पडून असेल तर ती सावलीत सरकवा, रोज घासून भरा, चिमण्या-कोंबड्यांचीही सोय होते.

अजून एक. मोत्या दिवसा झोपतोय कारण रात्री तो झोपत नाही. तुमच्या भागात काजू-फणसाचा हंगाम, रानडुकरं घरामागं येतात, फणसाच्या वासानं अस्वल येतं, भीमगड अभयारण्याच्या कडेच्या गावांना हे सांगायला नको. बिबट्याचा वावर ऐकू आला तर मात्र त्याला अंगणात साखळीला बांधून ठेवू नका, बांधलेल्या कुत्र्याला पळताही येत नाही. रात्री पडवीत घ्या आणि दार ओढून घ्या.

प्रश्न : दुपारी एकच्या सुमारास मी मोटारसायकलवरून मळ्यात चाललो होतो, आमचा टायगर मागनं पळत आला, दोन-तीन किलोमीटर असेल. मळ्यात पोचल्यावर गरगर फिरला, पडला, तोंडातनं घट्ट लाळ, डोळे वर, जीभ काळी-निळी. गडी ओरडायला लागला पिसाळलं, पिसाळलं, काठी घेऊन धावला. माझ्या पुतण्यानं मोटर चालू करून पाइपच मारला अंगावर, पंधरा-वीस मिनिटांत उठून बसला. आता बरा आहे. तो पिसाळलेला होता की ऊन लागलं होतं? घरात ठेवावा का? — एक शेतकरी, ता. अथणी

उत्तर : ऊन लागलं होतं. पुतण्याची पाठ थोपटा, आणि त्या वेळी थ्री फेज चालू होतं हे तुमचं नशीब.

पिसाळलेलं कुत्रं पाणी मारलं म्हणून पंधरा मिनिटांत बरं होत नाही, त्याचा आजार दिवसागणिक वाढतच जातो. आवाज बदलतो, खालचा जबडा लोंबतो, ओळखीच्या माणसाला ओळखत नाही, दिसेल ते चावतं, आणि दहा दिवसांच्या आत बहुतेक मरतंच. तुमच्या टायगरचं सगळं एका पळण्यात झालं. अंगातली गरमी १०४ च्या वर गेली की कुत्र्याचं बिघडायला लागतं, १०६ च्या पुढं मेंदू, किडनी, आतडी सगळ्यालाच मार बसतो.

असं झालं की सावलीत घ्या आणि विहिरीचं-बोअरचं साधं गार पाणी पोटावर, जांघेत, पायांवर सारखं मारत राहा, वारा घाला. बर्फ हुडकत गावभर फिरू नका, तेवढ्यात जीव जातो. ओलं पोतं अंगावर पांघरून ठेवणारे बरेच आहेत, ते नको, खालची वाफ आतच कोंडते. शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी ओतायचं नाही, श्वासनळीत जातं. आधी गार करा, मग गाडीत घाला. आणि लस न दिलेलं, कुणाचं आहे ते माहीत नसलेलं कुत्रं असं पडलेलं दिसलं तर पाणी लांबनंच मारा, तोंडाजवळ हात नको.

बरा झाला म्हणून सोडून देऊ नका. ऊन लागलेल्या कुत्र्याचे आतले दुखणे कधी कधी एक-दोन दिवसांनी बाहेर येतात, काळी शी, लघवी कमी, उलट्या. एकदा दाखवून या. मोटारसायकलमागं कुत्रं पळवायचं ते सकाळी सातच्या आत, नाहीतर घरीच बांधून जायचं. तुम्ही थांबेपर्यंत ते थांबत नाही, हाच त्याचा घोळ आहे.

प्रश्न : आम्ही पुण्यात असतो, मूळ गाव निपाणीजवळ. मे महिन्यात पंधरा दिवस गावी येणार आहोत, सोबत आमचा लॅब्रॅडॉर ब्रूनो (वय चार). घरी तो एसीत झोपतो. गावाला आजोबा म्हणतात त्याचे केस भादरून आणा म्हणजे उकडणार नाही. गावातली कुत्री त्याला त्रास देतील का?

उत्तर : भादरू नका. आजोबांचा तर्क मेंढरांवरनं आलाय, पण लॅब्रॅडॉरला दुहेरी केस असतात आणि तेच त्याला उन्हापासून आडोसा देतात, भादरलं तर कातडी भाजते. रोज विंचरून मेलेले केस काढा, पुष्कळ झालं.

पहाटे निघा म्हणजे उन्हं तापायच्या आत निपाणी येईल. वाटेत मिसळ खायला थांबाल तेव्हा ब्रूनोला काचा बंद करून गाडीत ठेवून जाऊ नका, काच दोन बोटं उघडी ठेवून काही उपयोग होत नाही, उन्हात उभी गाडी दहा मिनिटांत दहा डिग्री सेल्सिअसनं तापते. एकानं खाली उतरून त्याच्याबरोबर सावलीत थांबायचं.

गावी आल्यावर पहिले दोन-तीन दिवस त्याला काहीच करायला लावू नका. एसीतल्या कुत्र्याचं अंग उन्हाला सरावायला वेळ लागतो, आणि लॅब्रॅडॉर हा असा प्राणी आहे की बॉल टाकत राहिलात तर पडेपर्यंत आणत राहील. पोरांना सांगा, बॉल पहाटे आणि रात्री. गल्लीत आता सगळीकडं काँक्रीट झालंय, त्यावर आपल्या हाताची मागची बाजू ठेवून बघा, सहा-सात सेकंद ठेववत नसेल तर त्याचे पायही भाजणार. जुन्या कौलारू घराचा सोपा, खाली शेणानं सारवलेली किंवा शहाबादी फरशी, ही त्याला एसीपेक्षा वाईट नाही, पत्र्याच्या शेडात मात्र ठेवू नका. आणि करंट गेला तर हातपंख्यानं वारा घालत बसायची गरज नाही, ओला केलेला फरशीचा तुकडा पुरतो.

गावातली कुत्री पहिल्या दिवशी वेशीपासून घरापर्यंत सोबत करतील, भुंकतील. साखळी घट्ट ओढून धरू नका, त्यानं आपलं कुत्रं बिथरतं. येण्याआधी त्याची लसीची फाइल बघा, रेबीजचा वर्षाचा डोस आणि सात-आठ रोगांची ती दुसरी लस चालू आहे ना. गोचिडाची गोळी निघायच्या आधीच देऊन आणा, का ते खाली वाचा.

प्रश्न : डॉक्टरकाका, मी सहावीत गेलो. आमच्या बसस्टॉपजवळ एक पिल्लू आहे, तपकिरी, एक कान पडलेला. त्याची आई गेली कुठं तरी. मी त्याला रोज बिस्किटं देतो, तो माझ्या मागनं घरापर्यंत येतो. आज्जी म्हणते घरात आणलास तर तुलाच बाहेर झोपवीन. मी त्याला पाळू काय? त्याचं नाव रॉकेट ठेवलंय. — उचगाव, ता. बेळगाव

उत्तर : नाव ठेवलंस म्हणजे पाळून झालंय की रे. आता आज्जीचं बघू.

आपल्याकडच्या गावठी कुत्र्यांना पिल्लं बहुतेक थंडीत होतात, म्हणजे तुझा रॉकेट आता तीन-चार महिन्यांचा असणार. याच वयात रेबीजची पहिली लस द्यायची असते, मग डॉक्टर सांगतील तेव्हा दुसरी, आणि मग दरवर्षी. आप्पांना घेऊन सरकारी पशु दवाखान्यात जा, जंताचं औषध पण तिथंच माग. उन्हाळ्यात पिल्लांत पार्वो नावाचा आजार येतो, उलट्या होतात, रक्ताची घाण वास मारणारी हगवण होते आणि दोन-तीन दिवसांत पिल्लू जातं, त्याचीही लस असते, ती विचार. लस होईपर्यंत तो चावला किंवा नुसता दात लागून ओरखडा उठला तरी घरात सांगायचं, मार पडेल म्हणून लपवायचं नाही. हे तेवढं पक्कं लक्षात ठेव.

बिस्किटं बंद. आज्जीकडनं शिळा भात आणि ताक माग, आठवड्यातनं दोन-तीनदा उकडलेलं अंडं. चॉकलेट आणि द्राक्षं-मनुके कधीच नाही, ते कुत्र्याला विष आहे. दूध दिलंस आणि पातळ झाली तर दूध थांबव.

आणि आज्जीला सांग, रॉकेट घरात येणार नाही, पडवीत पोतं टाकून झोपेल, कोंबड्यांच्या खुराड्यावर लक्ष ठेवेल. (तीन-चार महिन्यांचं पिल्लू स्वतःच कोंबड्या पळवतं, ते आज्जीला आत्ताच सांगू नकोस. पण तू मात्र त्याला एकट्याला कोंबड्यांत सोडू नकोस.) दुपारी जेवण झाल्यावर तू पण झोप आणि त्याला पण झोपू दे. पिल्लं दिवसातले बरेच तास झोपतात, सारखं उचललं की चिडचिडी होतात आणि मग दात लावायला शिकतात.

प्रश्न : आमच्या नातवाला (वय ७) दुपारी सोप्यात झोपलेल्या शेजारच्या कुत्रीनं पिंडरीला चावा घेतला. तिची पिल्लं जवळ होती. रक्त आलं. शेजारीण म्हणते पाळीव आहे, काही होत नाही. घरच्यांनी चुना-हळद लावली, एक जण पाल्याचं औषध देतो तिकडं न्यायचं चाललंय. पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागतात म्हणून सून घाबरली आहे. — ता. हुक्केरी

उत्तर : आज्जी, हे पत्र हातात पडलं त्याच दिवशी तुम्हाला फोन केला, पोराची पहिली सुई त्याच संध्याकाळी झाली. बाकीच्यांसाठी छापतोय.

चावा लागला की नळाखाली जखम धरायची आणि साबण लावून १५ मिनिटं धुवायची. घड्याळ लावून १५, दोन मिनिटं नव्हे. रेबीजचा विषाणू साबणानं मरतो, चुन्यानं, हळदीनं, तिखटानं जखम नुसती चिघळते. मग सरळ पीएचसी (प्राथमिक आरोग्य केंद्र) किंवा तालुक्याचा सरकारी दवाखाना. लस फुकट मिळते. दंडात किंवा कातडीत देतात, कातडीतली असेल तर पहिल्या सुईचा दिवस शून्य धरायचा, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. रक्त आलेलं असेल तर लसीबरोबर जखमेत आणि जखमेभोवती सिरम (लसीचा परिणाम सुरू व्हायच्या आत विषाणूला अडवणारं औषध) पण भरावं लागतं, ते छोट्या पीएचसीत नसतं कधी कधी, मग सिव्हिलला पाठवतात, तिथं जायचं, कंटाळा करायचा नाही. पोटातली चौदा इंजेक्शनं ही मेंढरांच्या मेंदूपासून बनवलेली जुनी लस होती, आपल्या देशात ती २००४ च्या अखेरीस बंद झाली, आता जी पोरं बारावीत आहेत त्यांचा जन्मही तेव्हा झालेला नव्हता, पण भीती अजून घराघरात आहे.

पाल्याच्या औषधाबद्दल एकच सांगतो. चावलेल्या सगळ्याच कुत्र्यांना रेबीज नसतो, त्यामुळं पाला खाऊन बरी झालेली माणसं प्रत्येक गावात सापडतात, ती पाल्याशिवायही बरीच राहिली असती. ज्याला खरंच लागण झाली आणि लक्षणं सुरू झाली तो वाचत नाही, मग बेळगावला न्या नाहीतर मुंबईला. आपल्या बेळगावात टिळकवाडीला व्हॅक्सिन डेपो आहे, देवीची लस तिथं तयार व्हायची, लसीमुळं देवी जगातनं गेली, आणि त्याच जिल्ह्यात आपण पाला शोधत फिरायचं म्हणजे काय!

कुत्री पाळीव आहे, तिला बांधून दहा दिवस बघा, दहा दिवसांनी ती ठणठणीत असेल तर चावली तेव्हा तिच्या लाळेत रेबीज नव्हता. पण लस चालू करायला या दहा दिवसांची वाट बघायची नसते, दोन्ही बरोबर चालू. आणि बिचारीवर काठी उगारू नका. भर दुपार, पोटाशी पिल्लं, झोपेत कुणी तरी शेपटीवर पाय दिला, ती आणखी काय करणार होती? सुट्टीत मी बघितलेले बरेचसे चावे हे असेच, दुपारी बारा ते चारमधले, निजलेल्या किंवा खाणाऱ्या कुत्र्याला पोरानं हात लावलेले. पोरांना कुत्र्यांची भीती घालू नका, एवढंच शिकवा की झोपलेल्या, जेवणाऱ्या आणि पिल्लं पाजणाऱ्या कुत्र्याला लांबनं हाक मारायची, हात लावायचा नाही.

प्रश्न : गोठ्याशेजारी बांधलेल्या कुत्र्याच्या कानात गोचिडांचे घोस झालेत. गुरांचं फवारायचं औषध मारलं, चार दिवस बरं वाटलं, परत तेच. रॉकेल लावलं तर चालेल काय? — ता. खानापूर

उत्तर : रॉकेल नको, काडी पेटवून चटका नको आणि गुरांच्या औषधाचा अंदाजपंचे डोसही नको. तेच औषध कुत्र्यानं चाटलं की थरथरायला लागतं, आणि घरात मांजर असेल तर मांजराला ते आणखीच घातक.

परत का होतात ते बघा. मादी गोचीड रक्त पिऊन टम्म फुगली की कुत्र्यावरनं खाली पडते आणि दगडी भिंतीच्या फटीत, चौकटीच्या मागं जाऊन हजारो अंडी घालते. म्हणजे तुम्ही जे कानात बघता ते थोडे, बाकी सगळे भिंतीत. कुत्र्याला डॉक्टरकडनं वजनाप्रमाणं गोळी घ्या, महिनाभर किंवा तीन महिने चालणारी मिळते, आणि त्याच आठवड्यात भिंतीच्या फटी बुजवा, पांढरा चुना मारा, कुत्र्याचं पोतं जाळून टाका आणि बांधायची जागा बदला. कोंबड्या मोकळ्या सोडल्या तर जमिनीवरचे गोचीड वेचून खातात. हातानं काढायचा तर चिमट्यानं अगदी कातडीलगत धरून सरळ ओढा, नखावर चिरडू नका, साबणाच्या पाण्यात टाका.

ताप, जेवण सोडणं, नाकातनं रक्त, लघवी चहासारखी लाल, यातलं काही दिसलं तर गोचीडताप समजा आणि रक्त तपासून घ्या. लवकर नेलं तर औषधानं बरा होतो.

प्रश्न : मुधोळ जातीचं पिल्लू घ्यायचं आहे, आपल्याच हवामानातलं आहे म्हणून. घर चिक्कोडीत, प्लॉट तीस बाय चाळीसचा. दिवसभर आम्ही दोघं नोकरीला.

उत्तर : जात अस्सल आपल्या मातीतली आहे यात वादच नाही. मुधोळ बागलकोट जिल्ह्यात, तिथले संस्थानिक घोरपडे, त्यांतल्या मालोजीराव घोरपड्यांनी ही जात जपली, वाढवली. महाराष्ट्राच्या बाजूला याच कुत्र्याला कारवान म्हणतात. २००५ मध्ये पोस्टानं त्याचं तिकीट काढलं, पुढं सैन्यानंही मेरठच्या केंद्रात ट्रेनिंगला नेलं. मुधोळजवळ तिम्मापूरला बिदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं संशोधन केंद्र आहे, पिल्लू घ्यायचंच तर तिथं चौकशी करा, रस्त्याकडेला पाटी लावून विकणाऱ्याकडनं नको.

पण घेऊ नका, असं मला वाटतं. नजरेनं शिकार धरून पळणारं कुत्रं आहे ते, लांब पाय, खोल छाती, अंगावर चरबी नाही. त्याला सकाळ-संध्याकाळ मोकळं रान पाहिजे. तीस बाय चाळीसच्या प्लॉटवर गेटला बांधून तुम्ही दोघं ऑफिसला गेलात तर ते चिडकं तरी होईल नाहीतर भित्रं. आणि आपल्या हवामानातलं म्हणून दुपारी टेरेसवर ठेवलं तर चालतं असंही नाही, सावली-पाणी त्यालाही लागतंच. तुमच्या भागात उन्हाळ्यात धनगर शेतात बकरी बसवतात तेव्हा त्यांची कुत्री बघा एकदा. रात्रभर कळपाभोवती फिरतात आणि दिवसा बाभळीच्या सावलीत अशी पडतात की कुणाला वाटावं मेलीत. त्यांना ती मोकळीक आहे म्हणून जमतं. तुम्हा दोघांना संध्याकाळी घरी आल्यावर शेपूट हलवणारं कुणी हवं असेल तर गल्लीतलं एखादं गावठी बघा, फुकट आहे आणि टिकाऊ पण.

प्रश्न : आमच्या गावात कुत्री फार झालीत. काही मंडळी वर्गणी काढून टेम्पोत घालून घाटात सोडायचं म्हणतात. पंचायतीनं काय करायला हवं?

उत्तर : टेम्पोचं भाडं वाचवा. एक तर हे कायद्यात बसत नाही, २०२३ च्या एबीसी (प्राणी जन्मनियंत्रण) नियमांत भटकी कुत्री पकडून नसबंदी करायची, रेबीजची लस द्यायची आणि जिथनं उचलली तिथंच परत सोडायची असं आहे, आणि ही जबाबदारी स्थानिक संस्थेची. दुसरं म्हणजे एका गावची कुत्री काढली की जागा रिकामी राहत नाही, शेजारच्या गावची, लस नसलेली, येऊन बसतात. घाटात सोडलेली उपाशी मरतात नाहीतर बिबट्याला गावाची वाट दाखवतात.

त्याच वर्गणीत दवाखान्याशी बोलून एका सकाळी गावातल्या सगळ्या कुत्र्यांना लस टोचून घ्या. पीडीओंना (पंचायत विकास अधिकाऱ्यांना) लेखी अर्ज द्या, पोच घ्या, ग्रामसभेत विषय मांडा. मराठीत दिलेला अर्ज पडून राहतो ही तक्रार मी पण ऐकतो, मग खाली कन्नडमध्येही चार ओळी लिहून जोडा, काम आपलं आहे. आणि मटणाच्या दुकानामागं जो ढीग पडतो तो हलवा. कुत्री तिथंच वाढतात.

थोडक्यात :

आंब्याच्या कोयी कुत्र्यापुढं टाकू नका, गिळली तर आतड्यात अडकते आणि ऑपरेशनशिवाय निघत नाही (येळ्ळूरच्या ताई, तुमचं कुत्रं उलट्या करतंय आणि शी झालेली नाही, थांबू नका, आजच न्या).

रात्री कुत्रं रडलं की कुणी तरी जातं काय? गावात कुणी ना कुणी आजारी असतंच हो. ते लांबच्या कुत्र्यांना साद घालत असतं, उन्हाळ्यात आपण बाहेर झोपतो म्हणून जास्त ऐकू येतं.

लक्ष्मी यात्रा असलेल्या गावांतनं तीन पत्रं आलीत, सगळ्यांचा प्रश्न हाडांचाच. शिजवलेलं हाड, त्यातही कोंबडीचं, दातांखाली सुईसारखं फुटतं आणि घशात नाहीतर आतड्यात रुततं. पाहुण्यांना सांगा ताटातली हाडं अंगणात फेकू नका, एक झाकणाची बादली पंगतीजवळ ठेवा. फटाके आणि डॉल्बी सुरू व्हायच्या आधी आपलं कुत्रं आतल्या खोलीत घ्या, नाहीतर घाबरून पळतं आणि गर्दीत हरवतं. आणि दुसऱ्या दिवशी उष्टं पुरायचं तर खड्डा कमरेइतका खोल काढा आणि वर दगड ठेवा, गुडघाभर काढलात तर रात्रीत सगळं गल्लीत आलेलं असेल.